सामे कंई नथी

आईनंच विचारलं होतं तिला. अहमदाबादला साबरमतीवरच्या अटल पुलाच्या मधोमध, काचेच्या तळाभोवती कठडा लावलाय त्याच्या जवळ, एक विशीतली मुलगी मैत्रिणीचे फोटो काढत उभी होती. आईनं काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात पूर्वेच्या काठाकडे केला आणि आपल्या बडोदी गुजरातीत विचारलं, "बेन, सामे शुं छे?" समोर काय आहे, म्हणून. मुलीनं फोन खाली केला आणि आई दाखवत होती तिकडे मान वळवून पाहिलं. उडवून लावायला नाही, खरंच पाहिलं. तिकडे थंडीतला संध्याकाळचा धूर पसरला होता, त्यात घरांच्या काळसर कडा, पाण्याच्या टाक्या, मधूनच एखादा पिवळा दिवा. "सामे?" ती म्हणाली. "सामे कंई नथी, बा. ब्रिज ज जोवानो छे." समोर काही नाही, बघायचा तो पूलच. मग आपलं उत्तर अपुरं पडलं असं तिला वाटलं असावं, कारण लगेच हात पुढे करून म्हणाली, "तमारो फोटो पाडुं?" मी माझा फोन दिला. तिनं तीनचार फोटो काढले, वाकून, लांब जाऊन, कमानीचे रंग नीट येतील असे. त्या एकाही फोटोत आई समोर बघत नाहीये. प्रत्येकात तिची मान पूर्वेकडे वळलेली आहे. आणि मला आठवतंय, त्या वेळी मी तिला दोनदा म्हणाले होते, "आई, अगं इकडे बघ ना, लाइटिंग किती छान येतंय."

ते वाक्य तेव्हापासून मनात कुसळासारखं अडकून बसलंय. मुलीचं नाही, माझं.

आम्ही बडोद्याहून सकाळच्या गाडीनं गेलो होतो. मुलगा अहमदाबादला नोकरीला लागून दोन वर्षं झाली, आणि आजीला अटल पूल दाखवायचा हा त्याचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट होता. आई एकोणऐंशीची. गुडघे बोलतात, पण गाडीत खिडकीची जागा सोडत नाही. (आमच्याकडे खिडकीला बारी म्हणतात, पुण्याच्या नातेवाइकांनी कितीही सुधारलं तरी.) वासदच्या आधी गाडी महीच्या पुलावर आली, खालून तो पोकळ धडधडाट सुरू झाला, की आईचा हात आपोआप कमरेच्या रुमालाकडे जातो. रुमालाच्या गाठीत दोन-दोन रुपयांची नाणी असतात, नद्यांसाठी मोजून ठेवलेली. तिनं महीला नाणं टाकलं, हात जोडले, आणि दुसरं नाणं पुन्हा गाठीत बांधलं. "हे साबरमतीचं," म्हणाली.

पूल सुंदर आहे, हे आधी सांगायला हवं. मी मनात थोडी अढी घेऊनच गेले होते, कारण पायी जायच्या पुलाला तिकीट ही कल्पनाच मला पचत नव्हती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो सुरू झाला तेव्हा मोठ्यांना ३० रुपये आणि अर्ध्या तासाची मुदत असं वाचलं होतं. घाटावर बसायला कुणी तिकीट घेतं का, असं तेव्हा मी घरात म्हणालेही होते. पण वर गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे जाणवलं ते वेगळंच. तिथे हॉर्न नाही. तीनशे मीटर लांब, दहा ते चौदा मीटर रुंद, म्हणजे आमच्या दांडिया बाजारच्या रस्त्याच्या तोडीचा पट्टा, आणि त्यावर एकही चाक नाही. लहान मुलं आईचा हात सोडून पळत होती आणि आया त्यांच्या मागे ओरडत धावत नव्हत्या. वर लोखंडी नळ्यांच्या वाकवलेल्या कमानी, त्यावर ताणलेलं रंगीत छत, सगळा आकार पतंगावरून घेतलेला. दिवे लागले तसे आईच्या पांढऱ्या केसांवर आधी जांभळा, मग हिरवा रंग आला. खालून पाण्याचा गार, जरा शेवाळी वास. एक पूर्ण कुटुंब, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत, कठड्याला टेकून नुसतं उभं होतं. काही खात नव्हते, बोलतही नव्हते. गावाकडून आले असावेत. त्यांच्याजवळच दोन मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून पाणी बघत होत्या. आपल्या शहरांत बाईमाणसाला संध्याकाळी काही कामाशिवाय अर्धा तास एका जागी उभं राहायला कुठे मिळतं? देवळात, नाहीतर बसथांब्यावर. आणि दोन्ही ठिकाणी कुणीतरी बघत असतं. इथे सगळेच पाण्याकडे बघत होते. त्या अर्ध्या तासाचे पैसे घेतले तर घ्या, असं मला त्या क्षणी वाटून गेलं.

मुलगा आजीला माहिती देत होता. सव्वीसशे टन लोखंड लागलं. इकडे उत्तरेला तो दिसतो तो एलिस ब्रिज, तिकडे दक्षिणेला सरदार ब्रिज. आणि आजी, खाली जे पाणी आहे ना, ते साबरमतीचं नाहीच, नर्मदेचं आहे, कालव्यातून आणून नदीत सोडलेलं, पुढे वासण्याच्या बंधाऱ्यानं अडवलेलं. आई हे ऐकून थांबली. "नर्मदेचं?" तिनं खाली वाकून पाहिलं, जणू ओळखीची खूण सापडते का ते. "नर्मदे हर" असं काहीसं पुटपुटली आणि हात रुमालाकडे नेला. आणि मी, तिची मुलगी, म्हणाले, "आई, इथून नको टाकूस, तो गार्ड शिट्टी मारेल." तिनं निमूटपणे गाठ परत बांधली. त्यानंतर मग ती त्या मुलीकडे वळली आणि विचारलं, सामे शुं छे.

तिला ते माहीत नव्हतं म्हणून विचारलं नव्हतं. हे मला रात्री मुलाच्या घरी, खोलीत दिवा बंद केल्यावर कळलं.

"रायखडच ना गं ते समोर?" अंधारात आई म्हणाली. तिची मावशी रायखडला राहायची. मावशीचे यजमान गिरणीत कारकून होते, दोन खोल्यांचं घर, खाली ओटा, आणि दर मे महिन्यात आई तिच्या दोन भावांबरोबर तिथे पंधरा दिवस असायची. हे मी आयुष्यभर ऐकत आलेय, पण कसं, तर आपण आईच्या गोष्टी ऐकतो तसं, दुसरं काहीतरी करत. त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकलं. साबरमतीला तेव्हा उन्हाळ्यात पाणी नसायचंच. नदी म्हणजे वाळू. वाळूत टरबुजाचे नि साकरटेटीचे वेल लावलेले, एका बाजूला धुणं वाळत घातलेलं, गाढवं, आणि मधून एक बारीक वाहती रेघ, पोरांच्या घोट्यापर्यंतची. मावशी संध्याकाळी पोरांना घेऊन एलिस ब्रिजवरून पलीकडे फिरायला न्यायची. पलीकडे म्हणजे पश्चिमेला. तिथे नवी घरं होती, बागा होत्या, हवा होती. पुलाच्या लोखंडी कमानी मोजत जायचं आणि मोजत परत यायचं. "आम्हाला पलीकडचं सगळं नवं वाटायचं," आई म्हणाली. "पण झोपायला घरी यायचं असायचं ना. घर अलीकडे." मग बराच वेळ गप्प. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाली, "आज मी पलीकडून बघत होते. आणि ती म्हणाली तिकडे काही नाही."

मी काय बोलणार. उशीची कूस बदलली.

परत आल्यावर मी त्या एलिस ब्रिजबद्दल थोडं शोधून वाचलं. तिथे आधी लाकडी पूल होता आणि तो १८७५ च्या पुरात वाहून गेला. मग १८९२ मध्ये हा लोखंडी उभा राहिला, हिम्मतलाल धीरजराम भचेच या अभियंत्याच्या देखरेखीखाली. अंदाजपत्रकापेक्षा कमी पैशांत काम झालं म्हणून इंग्रज सरकारला संशय आला, माल हलका वापरला असणार, आणि चौकशी लागली. चौकशीत निघालं की माल चोख आहे, माणूसही चोख आहे. पूल अजून उभा आहे. त्याला आता गाड्यांचं ओझं नाही, त्याच्या दोन्ही अंगांना नवे रुंद पूल बांधले आणि त्याला मध्ये तसाच ठेवला, म्हाताऱ्या माणसाला दोन्हीकडून हात धरून चालवावं तसा. पण मला सगळ्यात लागून राहिलं ते नावाचं. तो पूल झाल्यावर पश्चिमेला वस्ती वाढत गेली आणि त्या वस्तीचं नावच एलिसब्रिज पडलं. लोक आजही पत्ता सांगताना 'एलिसब्रिजला राहतो' म्हणतात. पुलावर कुणी राहत नाही. पुलानं जिथे पोचवलं त्या जागेला लोकांनी पुलाचं नाव दिलं.

आमच्या बडोद्यात पूल म्हटला की काळ्या घोड्याचा. सयाजीरावांचा तो काळा पडलेला अश्वारूढ पुतळा, बाजूला कामाटीबाग, आणि खालून विश्वामित्री. देखणी नदी नव्हे ती. अरुंद, गढूळ, दोन्ही काठांना झाडोरा, आणि त्यात मगरी. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला पुलावर नेऊन मगर दाखवायची हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. बाबा कठड्यावर कोपर टेकवून बोट दाखवायचे, "ते बघ, ते लाकूड नाही," आणि पाहुणा दोन पावलं मागे सरायचा. आई साठच्या दशकात युनिव्हर्सिटीत शिकायला जायची ती याच वाटेनं, पायी. दांडिया बाजारातून रावपुरा, कोठी, कीर्तिमंदिर, मग पूल, मग काळा घोडा, आणि पुढे झाडांच्या वरून आर्ट्स फॅकल्टीचा तो थोरला घुमट दिसायला लागायचा. घरात तिच्या आधी कुठलीच मुलगी कॉलेजात गेली नव्हती. आजी म्हणे रोज एकच प्रश्न विचारायची, पूल ओलांडलास तेव्हा कुणी बरोबर होतं का. कोठीपर्यंत आपलं गाव. कुणी ना कुणी ओळखीचं भेटणार, 'अमक्यांची ना तू' विचारणार. पुलापलीकडे स्टेशन, होस्टेलं, परगावची मुलं. आई सांगते, पुलावर आलं की ती डोक्यावरचा पदर खांद्यावर घ्यायची आणि परतताना त्याच जागी पुन्हा डोक्यावर. नदीला ते माहीत होतं, आजीला कधी कळलं नाही.

आणि त्या पुलाचं दुसरं काम पावसाळ्यात. बडोद्याबाहेरच्या माणसाला हे सांगूनही कळायचं नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कुणी 'कसे आहात' विचारत नाही, 'काळ्या घोड्याला किती?' असं विचारतात. म्हणजे पुलापाशी विश्वामित्रीची पातळी किती फूट. सव्वीस ही धोक्याची खूण, ती शेंबड्या पोरालाही पाठ. बावीस झाले की लोक स्कूटर उंचावर नेऊन ठेवतात, चोवीसला डाळ-तांदूळ माळ्यावर. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस पाणी पस्तीस फुटांच्या वर गेलं. पूल बंद. धाकटी बहीण पलीकडे सयाजीगंजमध्ये, तळमजल्यावर, आणि आम्ही अलीकडे. अंतर किती, तर चालत पंचवीस मिनिटं. तीन दिवस ती आम्हाला अमेरिकेइतकी लांब होती. फोन लागत नव्हता, लागला तर तिचा पहिला शब्द, "अजून चढतंय." लोकांच्या अंगणात मगरी आल्या. पाणी उतरल्यावर पूल मोकळा झाला त्या सकाळी मी आणि नवरा चालत निघालो, हातात दुधाच्या पिशव्या, मेणबत्त्या, उकडलेले बटाटे. पुलावर चिखलाचा वास इतका होता की पोटात कालवत होतं, आणि तरी शंभर-दीडशे माणसं आमच्यासारखीच, डब्यांच्या पिशव्या घेऊन, एकमेकांना वाट देत, दोन्ही दिशांनी चालत होती. कुणी थांबत नव्हतं. कठड्याशी कुणी टेकलं नव्हतं. मगर बघायला तर कुणीच नव्हतं. मला पुलाकडे मान वर करून बघावंसं वाटलं ते त्या दिवशी.

म्हणूनच असेल, 'ब्रिज ज जोवानो छे' हे मला इतकं टोचलं. आमच्या लेखी पूल म्हणजे पलीकडचं माणूस.

पण मग मोरबी आठवतं, आणि हा माझा विचार तितकासा सरळ राहत नाही. अटल पूल सुरू झाला आणि दोनच महिन्यांत, दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारी, ३० ऑक्टोबर २०२२ ला, मोरबीचा झुलता पूल तुटला. दुरुस्ती करून चारच दिवस झाले होते उघडून. १३५ माणसं मच्छू नदीत गेली, त्यांत किती तरी लहान मुलं. त्या रात्री टीव्ही बंद करायचं भान आमच्या घरात कुणाला राहिलं नाही. तेव्हा मी विचार केला होता, ही माणसं कुठे निघाली नव्हती. पलीकडे त्यांचं काही काम नव्हतं. नवे कपडे घालून, मुलाबाळांना घेऊन, ती पुलावर उभं राहायलाच गेली होती. पुलाचं हलणं अनुभवायला, पाणी पायाखाली बघायला. हा आनंद काही आजचा, फोनवाला नाही. संस्थानच्या राजानं तो पूल बांधला तेव्हाही लोक हौसेनं त्यावर जाऊन उभे राहिलेच असतील. बाबा मगर दाखवायला आम्हाला न्यायचे तो तरी काय होता? मोरबीनंतर अहमदाबादेत अटल पुलावर तासाला तीन हजार माणसांचीच मर्यादा घातली गेली. २०२३ मध्ये मधली एक काच तडकली तेव्हा तिथे कठडा लावला, ज्याच्या शेजारी ती मुलगी उभी होती. म्हणजे ती मुलगी ज्या निर्धास्तपणे उभी होती त्यामागे मोरबीची १३५ माणसं आहेत. मग तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की पूल उभं राहायला नसतो.

आणि गंभीरा. ९ जुलै २०२५, सकाळची वेळ, आमच्याच जिल्ह्यातला, पादऱ्याजवळचा महीवरचा पूल, चाळीस वर्षांचा. मधला भाग खचला आणि गाड्या खाली. वीसहून जास्त माणसं गेली. एक टँकर तुटलेल्या कडेला आठवडेच्या आठवडे अधांतरी लटकून होता. आमच्या गल्लीत पादऱ्याची भाजी घेऊन एक बाई येतात, वांगी, तुरीच्या शेंगा, पापडी. त्यांची बहीण नदीपलीकडे आणंद जिल्ह्यात दिलेली. त्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, टोपली उतरवली आणि तराजू हातात न घेताच म्हणाल्या, "मारी बेन तो सामे रही गई." बहीण सुखरूप होती, घरीच होती. पण वीस मिनिटांवरची बहीण आता मोठ्या वळशाच्या पलीकडे गेली होती, आणि त्या दु:खाला त्यांच्याकडे तेवढाच शब्द होता. सामे. मी मराठीत 'समोर' म्हणते आणि 'पलीकडे' म्हणते, दोन वेगळे शब्द. गुजरातीतल्या या एका शब्दात दोन्ही आहेत. डोळ्यांपुढे आहे तेही सामे, आणि पोचता येत नाही तेही.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मी आईला म्हटलं, "चल, रायखडला जाऊ." तिनं का म्हणून विचारलं नाही. शाल घेतली आणि रुमालात नाणी मोजली.

स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला 'गायकवाड हवेली' म्हटल्याबरोबर कळलं, फक्त त्यानं आरशातून आमच्याकडे जरा काळजीनं पाहिलं, कारण तिथे आता क्राइम ब्रँचचं ऑफिस आहे. रायखडातली ही हवेली आमच्या गायकवाडांची. १७५३ मध्ये मराठ्यांनी अहमदाबाद घेतलं आणि शहराचा वसूल पेशवे नि गायकवाड यांच्यात वाटला गेला, तेव्हापासून १८१७ पर्यंत, म्हणजे चौसष्ट वर्षं, या नदीच्या पूर्वकाठावर मराठी बोललं गेलं, मोडीत हिशेब लिहिले गेले. भद्राच्या किल्ल्यातलं भद्रकालीचं मंदिरही त्याच काळातलं. पुढेही माणसं येत राहिली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर जन्मानं बडोद्याचे आणि वकिली केली ती अहमदाबादेत. आईच्या मावशीचे यजमान गिरणीत हिशेब लिहायला आले तेही त्याच वाटेनं. हवेलीच्या दारात बंदूकवाला शिपाई होता, आत जायचा प्रश्नच नव्हता. आईनं बाहेरूनच त्या उंच भिंतीकडे पाहिलं. "मावशी या भिंतीशी आली की म्हणायची, आलं आपलं घर," ती म्हणाली, आणि त्याच अंदाजानं उजवीकडे वळली.

घर सापडलं नाही. दोन गल्ल्या फिरलो. एका जागी चार मजली इमारत उभी होती, तिथेच असावं असं आईला वाटलं, मग नाही वाटलं. एका ओट्यावर बसलेल्या वयस्क बाईंना विचारलं, त्यांनी आडनाव तोंडात घोळवून पाहिलं, मान हलवली, आणि पाणी आणून दिलं. आई खट्टू होईल असं मला वाटत होतं. पण ती गल्लीतूनच खूश दिसत होती. कुठे कढीचा वास आला की थांबायची, कुठे एखादी लाकडी कोरीव चौकट दिसली की तिच्यावर हात फिरवायची.

पुढे जमालपूरकडे गेलो आणि तिथे उत्तरायणाची धांदल. रस्त्याच्या कडेला खांबांमध्ये दोरे ताणून मांजा रंगवत होते, माणसांचे हात कोपरापर्यंत गुलाबी. दुकानांतून पतंगांच्या चवडी. एका दारात तीन बायका बसून पतंग करत होत्या. एक कागद कापून देई, दुसरी मधला उभा ढड्ढो चिकटवी, तिसरी बांबूची बारीक कमान घेऊन, ओठांत धरून, वाकवून, एका झटक्यात कागदावर बसवी. कमान बसली की तो निर्जीव चौकोन एकदम ताठ व्हायचा. आई काठीवर भार टाकून बघत राहिली. तिनं त्या तिसरीला विचारलं, समोरचा नवा पूल बघितलात का? ती बाई हातातली कमान न सोडता म्हणाली, पोरं जाऊन आली, मी गच्चीवरून बघते, रात्री रंग बदलतात. मग हसून म्हणाली, "पतंग जेवो ज छे ने." तिला तो रोज दिसत होता. समोरून. मला त्या मुलीची आठवण झाली, आणि वाटलं, ती आत्ता इथे असती तर तिला नक्की आवडलं असतं. ती वाईट नव्हतीच. तिला कुणी हा काठ दाखवला नव्हता, तेवढंच. आणि मला तर माझी आई आयुष्यभर दाखवत होती.

आईनं अर्धी कोडी घेतली, दहा पतंग, नातवासाठी म्हणाली.

नदीकडे उतरलो तेव्हा साडेपाच झाले होते. रविवार असल्यानं गुजरी भरलेली. जुनी कुलपं, घमेली, तांब्याची भांडी, पानं सुटलेली पुस्तकं, एका पोत्यावर नुसत्या चाव्यांचा ढीग. आई त्या चाव्यांपाशी बराच वेळ थांबली, पण काही बोलली नाही. मग आम्ही अगदी पाण्याच्या कडेच्या फरसबंदीवर गेलो. समोर, जरासा तिरका, तो पूल. आधी राखाडी होता. बघता बघता एकेक कमान उजळत गेली, केशरी, निळी, जांभळी, आणि प्रत्येकीची थरथरती नक्कल खाली पाण्यात. इथून तो फार हलका दिसत होता. वरची माणसं बोटाच्या पेराएवढी, कठड्याला ओळीनं लागलेली. बहुतेक जण पाठमोरे होते, फोटो काढत असतील. काही मात्र आमच्या बाजूला तोंड करून उभे होते.

आईनं रुमालाची गाठ सोडली. मी या वेळी काही बोलले नाही. नाणं तिनं मुठीत धरून कपाळाला लावलं आणि खालून हात नेऊन पाण्यात सोडलं, जोर लावून फेकलं नाही. आवाजसुद्धा आला नाही. नर्मदा म्हणून टाकलं की साबरमती म्हणून, ते मी विचारलं नाही. वाऱ्यानं तिच्या काखेतले पतंग फडफडत होते, मी ते घेतले. ती पुलाकडे बघत राहिली.

"तिथून आपण दिसत असू का गं?" ती म्हणाली.

आणि मी काही म्हणायच्या आत तिनं शाल बाजूला करून पदर नीट केला.